क्लोनडॉकिनचं कुलूप

आयर्लंडला जायचं मी ठरवलं नव्हतं. लेकीनं ठरवलं, जावयानं तिकीट काढलं, आणि मी बार्शीत बसून गुडघ्याचं काय, गोळ्यांचं काय, करत राहिले. वैशालीला तिकडे जाऊन चार वर्षं झाली होती. नात इरा फोनवर इंग्रजीत हसायला लागली, तेव्हा म्हटलं एकदा जाऊन यावंच. हे सगळं २०१९ च्या जूनमधलं. हा ब्लॉग माझी भाची रूपाली चालवते. तिचे गड असतात, धबधबे असतात. मला म्हणाली, मावशी, लेकीकडे जाणाऱ्या बायकांसाठी तू लिही. माझी शाळा चौथीपर्यंत. वहीत लिहून दिलंय. शुद्धलेखन तिचं, तोंड माझं.

आधी कामाचं सांगते. मुंबईहून विमान सुटलं की मध्ये आखातात एकदा बदलावं लागतं. व्हीलचेअर मागून घ्या, लाजू नका. मला लाज वाटली आणि मी दोन मैल चालले. पिशवीत शेंगाचटणी, ज्वारीचं पीठ चालतं. तूप आणि पेढे नेऊ नका, दूधदुभत्याला तिकडे मनाई आहे. माझा पेढ्यांचा डबा मुंबईतच जावयाच्या बहिणीला देऊन टाकावा लागला. जूनमध्येसुद्धा स्वेटर लागतो. आणि दिवस मावळतच नाही. जेवण होतं, भांडी होतात, तरी बाहेर लख्ख ऊन. झोपायचं कधी ते घड्याळाला विचारायचं.

विमानतळावर जावई न्यायला आले होते. मंदारराव स्वभावानं गरीब माणूस. कुणाला मोठ्यानं हाक मारणार नाही, कुणाला नाही म्हणणार नाही. रोज गाडी घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला, सँडीफोर्डला ऑफिसला जातात. घर मात्र डब्लिनच्या पश्चिमेला क्लोनडॉकिनला, कारण तिथे भाडं त्यातल्या त्यात परवडतं. म्हटलं डब्लिन म्हणजे मोठं शहर बघायला मिळेल. शहर आलंच नाही. गाडी मोठ्या रस्त्यावरून उतरली, चौकातल्या एका गोलाला वळसा, दुसऱ्या गोलाला वळसा, आणि मग घरंच घरं. दोन-दोन घरं कुशीला कूस चिकटलेली, सगळी एका साच्यातली. जसा आमच्याकडे चकल्यांचा घाणा निघतो तशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच दूध आणायला निघाले. वैशाली म्हणाली, आई, वाट चुकशील. म्हटलं, बार्शीच्या मंडईत डोळे मिटून फिरणारी बाई मी, मला काय चुकायचंय. गल्लीत शिरले. गल्ली वळली, आणखी वळली, आणि संपली. संपली म्हणजे समोर भिंत. परत फिरले, दुसरी गल्ली धरली. भिंत. तिसरी, भिंत. आमच्याकडे एक गल्ली दुसरीत जाते, दुसरी तिसरीत, माणूस कुठून तरी कुठे तरी निघतोच. इथे प्रत्येक गल्ली म्हणजे आंधळं आतडं. बरं, परत यावं तर घर कुठलं? सगळ्यांची दारं सारखी, खिडक्या सारख्या, गवतसुद्धा सारखं कापलेलं.

एक साठीचा माणूस कुत्रं घेऊन आला. उंच, लाल गालांचा, टोपी घातलेला. मी नुसतं "वैशाली, इरा" म्हटलं, तर त्याला कळलं. मला थेट चौदा नंबरच्या दारापर्यंत सोडलं. वाटेत पावसावर काहीतरी बोलत होता, मीही मराठीतनं पावसावरच बोलत होते. दोघांनाही समाधान वाटलं. त्याचं नाव ब्रेंडन. त्या वसाहतीच्या रहिवाशांच्या मंडळाचा तोच मुख्य. चांगला माणूस, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्याच्याबद्दल काय काय बोलणार आहे.

आता मुख्य मुद्दा. चौदा नंबर आमच्या गल्लीतलं शेवटच्या आधीचं घर. गल्ली जिथे संपते तिथे भिंत, आणि त्या भिंतीत एक लोखंडी दार. दाराला कुलूप. पलीकडे ऑफिसांच्या आणि गोदामांच्या इमारती, मध्ये हिरवळ. वरच्या खोलीतल्या खिडकीत उभं राहिलं की पलीकडची माणसं डबा खाताना दिसतात. कोण काय खातंय एवढं दिसत नाही, पण चमचा हलताना दिसतो.

त्यातल्याच एका इमारतीत माझ्या लेकीला नोकरी लागत होती.

वैशाली बी.कॉम. लग्नाआधी सोलापुरात दोन वर्षं हिशेबाचं काम केलेलं. तिकडे गेली ती नवऱ्याच्या व्हिसावर, आणि त्या व्हिसावरच्या बायकांना काम करायची मोकळीक नव्हती. ती मोकळीक त्याच वर्षी मिळाली. चार वर्षं घरात बसलेल्या पोरीनं आठवड्यात सात अर्ज केले. सहांनी उत्तर दिलं नाही, सातव्यानं बोलावलं. मुलाखत झाली, पसंत पडली. सप्टेंबरपासून या म्हणाले. हो की नाही ते मी पोचल्यानंतरच्या दुसऱ्या शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं.

आणि ती हो म्हणत नव्हती. का? इराची शाळा नऊला दहा कमी असताना उघडते. ऑफिस सव्वानऊला. त्या दारातून गेलं तर सात मिनिटं. दार बंद, म्हणून वसाहतीतून बाहेर पडायचं, मोठ्या रस्त्यानं चालायचं, गोल ओलांडायचा, आणि तिकडच्या फाटकातून परत आत यायचं. मला पटेना. म्हटलं चल, चालून बघू. चाललो. एका ठिकाणी पायवाटच संपली, गाड्या कानाजवळून जात होत्या, आणि आम्ही दोघी गवतातनं शेरडांसारख्या चाललोय. तिला चाळीस मिनिटं लागतात, माझ्यापायी पन्नास लागली. पोचलो तेव्हा मला समोर आमच्याच घराची वरची खिडकी दिसली. मी वाळत घातलेला माझा परकरसुद्धा दिसला. डोस्कं फिरलं माझं.

बसनं जाता येत नाही का? येतं. बस आधी शहराकडे नेते, मग दुसरी बस उलटी आणते. कार्डावर दोन-सव्वादोन युरो जातात आणि तासभर. गाडी एकच, ती सँडीफोर्डला. शिवाय वैशाली गाडी चालवायच्या परीक्षेत दोनदा नापास झालेली. तिकडची परीक्षा लई कडक. आमच्याकडचे सगळे तिकडे नापास होतील आणि ते बरंच आहे.

त्या आठवड्यात दारातनं एक कागद आत पडला. पलीकडच्या ऑफिसवाल्यांनी आणि तिकडच्याच नव्या फ्लॅटमधल्या काही लोकांनी वसाहतीच्या मंडळाकडे अर्ज केला होता, की हे दार दिवसा उघडं ठेवा. त्यावर बुधवारी संध्याकाळी सातला चर्चच्या हॉलमध्ये सभा, हात वर करून निर्णय. म्हणजे शुक्रवारच्या दोन दिवस आधी. वैशालीनं तो कागद फ्रिजवर चिकटवला. मंदाररावांनी चहा घेता घेता तो वाचला आणि काही बोलले नाहीत. मी म्हटलं, थकले असतील.

मधल्या शनिवार-रविवारी आम्ही कॉर्कला गेलो. जाणाऱ्यांसाठी सांगते: गाडीनं अडीच-तीन तास, वाटेत टोल एकदाच, तोही दोन युरोच्या आत. रस्ता असा की पोटातलं पाणी हलत नाही. मध्ये कॅशेलला टेकडीवर जुनं पडकं देऊळ आहे, त्यांच्या धर्माचं. वर वारा एवढा की पदर डोक्याभोवती तीन वेढे बसला. खाली बटाट्याचे चिप्स घेतले, त्यावर ते व्हिनेगर ओततात. सांगून ठेवा, ओतू नका म्हणून. गाईंचं खाणं मात्र बघावं. एवढं गवत आमच्या गाईंना स्वप्नात दिसत नसेल.

कॉर्कच्या बाहेर जावयाचे मित्र राहतात, डॉक्टर निखिल, मूळचे नागपूरचे, तिथल्या दवाखान्यात आहेत. त्यांचं घर भाड्याचं, शेतांच्या कडेला. घराशेजारी नोरा नावाची म्हातारी, माझ्याच वयाची, पायात गमबूट. रविवारी सकाळी चहा पीत बसलो होतो तर तिच्या अंगणातून, तिच्या वाळत घातलेल्या कपड्यांखालून वाकून, तीन माणसं नीट कपडे घालून गेली. मग आणखी दोन. मी निखिलना विचारलं, हिच्याकडे काही कार्य आहे का.

"नाही हो काकू," ते म्हणाले. "ही प्रार्थनेला जायची जुनी वाट आहे. शेताशेतांतनं चर्चपर्यंत जाते. हिच्या अंगणातनंच."

मी म्हटलं, तिला विचारा, बंद का करत नाही. त्यांनी विचारलं. नोरा माझ्याकडे अशी बघायला लागली की जशी मी तिला विहीर बुजवायला सांगितली. मग हाताला धरून मला मागे घेऊन गेली. दगडाची भिंत होती, आणि भिंतीत आडवे दगड बाहेर काढून पायऱ्या केलेल्या. माणूस चढून जातो, गाईला जमत नाही. गुरं अडवायची आणि माणूस सोडायचा, एवढं ज्या आजोबा-पणजोबांना कळत होतं, त्यांच्या नातवंडांनी क्लोनडॉकिनला कुलूप आणलं दुकानातून. मी त्या पायऱ्या चढून पलीकडे गेले आणि परत आले. गुडघा बोलला, पण गेले.

बुधवारी सभेला आम्ही चौघंही गेलो. हॉलमध्ये चाळीसेक माणसं, थर्मासमधला चहा, बिस्किटं. इरा माझ्या शेजारी बसून सांगत होती कोण काय म्हणतंय ते. नऊ वर्षांची पोर, मराठी सगळं कळतं, बोलते अर्धं. ब्रेंडन उभा राहिला. खिशातून कागद काढला, त्याला विरोध करणाऱ्यांच्या सह्या होत्या. तो घरांचे नंबर वाचायला लागला. दोन, पाच, सहा, नऊ, अकरा, बारा.

"आजी, फोर्टीन," इरा म्हणाली. "दॅट्स अस."

मला आधी वाटलं पोरीनं आकडा चुकीचा सांगितला. वैशालीकडे बघितलं. ती नवऱ्याकडे बघत होती. मंदारराव बिस्किटाकडे बघत होते.

पुढे ब्रेंडन काय बोलला ते इरानं सांगितलं तसं लिहिते. दार उघडलं तर कुठले कुठले लोक येतील. पोरं सायकली घालतील. बाटल्या पडतील, कचरा होईल. संध्याकाळी टोळकं उभं राहील. आमचं कुणाशी वैर नाही, पण ही गल्ली शांत आहे, ती शांत राहावी. तो रागावून बोलत नव्हता, काळजीनं बोलत होता.

आणि ह्यातला शब्दन् शब्द मी आधी बोललेली होते.

बार्शीला आमच्या घराच्या कडेनं एक बोळ आहे. मागच्या बाजूला धाकट्या दिराचं घर, सुमन जाऊबाईचं. त्यांना मंडईच्या रस्त्यावर यायला तो बोळ. गावाभोवती नवे प्लॉट पडत गेले, ज्यानं त्यानं आपल्या लेआउटला कुंपण घातलं, एकाचा रस्ता दुसऱ्याच्या भिंतीत जाऊन थांबला, आणि मग मागच्या वस्तीतले सगळेच आमच्या बोळातून यायला लागले. पान खाऊन थुंकायचे. मोटारसायकली घालायचे. मी पत्र्याचं दार बसवलं आणि कुलूप लावलं. त्याला अकरा वर्षं झाली. सुमननं किल्ली मागितली होती. मी म्हटलं, तुला दिली की तुझ्या मागून शंभर येतील. तेव्हापासून ती ओढ्याकडच्या रस्त्यानं फिरून येते. भाजी, दळण, सिलिंडर, सगळं फिरून. आमचं बोलणं तेव्हापासून लग्नकार्यापुरतं.

तर असली मी, त्या हॉलमध्ये उभी राहिले. दुसरं कोणी उभं राहत नव्हतं म्हणून. इराला म्हटलं, मी सांगते तसंच सांग, गोड करू नको. मी म्हटलं, माझी लेक खिडकीतून आपलं ऑफिस बघते आणि गवतातनं चाळीस मिनिटं चालते. मग ब्रेंडनला विचारलं, तुझ्या आईच्या गावात प्रार्थनेची वाट कुणाच्या अंगणातून जायची?

त्यानं सह्यांचा कागद दुमडला. मग म्हणाला, आमच्याच.

"कुलूप होतं?"

"नव्हतं." मागे कोणीतरी हसलं. तोही जरासा हसला. मग म्हणाला, ते गाव होतं, तिथे सगळे सगळ्यांना ओळखायचे.

माझ्या बोळातनं सुमन यायची, तिला तर मी जन्मभर ओळखत होते. मी खाली बसले.

हात वर झाले. दार बंदच राहणार असं ठरलं. सहा-सात हातांचा फरक असेल. वैशालीचा हात उघडण्याच्या बाजूनं, मंदाररावांचा कुठल्याच बाजूनं नाही.

घरी परत येताना, चालत, उजेडातच, वैशाली नवऱ्याला एवढंच म्हणाली, "मला विचारलंस का?"

"ब्रेंडन दारात उभा होता वैशू. सगळ्यांनी सह्या केल्या होत्या. पहिल्यांदाच कोणी आपल्या दारात येऊन काहीतरी मागितलं. नाही कसं म्हणायचं? आपण भाड्यानं राहतो."

"घर भाड्याचं आहे. मी नाही."

जावयाला बोलायची माझी पद्धत नाही, आणि त्या दिवशी माझी पतही नव्हती. पण त्या माणसाचा राग येता येता राहिला. नवी जागा, कातडी वेगळी, शेजारी हसतमुखानं कागद पुढे करतो. आपली माणसं अशाच ठिकाणी सही करतात. वाचत नाहीत, बायकोला विचारत नाहीत, शेजाऱ्याला बरं वाटावं म्हणून आपलंच दार बंद करून येतात.

गुरुवारी दुपारी बेल वाजली. ब्रेंडन, कुत्रं नव्हतं, टोपी हातात. त्यानं वैशालीच्या हातात किल्ली ठेवली. म्हणाला, मंडळाकडे दोन होत्या. एक तू ठेव. जाताना लाव, येताना लाव. कुणाला देऊ नको, आणि मी दिली असं सांगू नको. आपल्या आईबद्दल काहीतरी बोलला, ते वैशालीनं मला नीट सांगितलं नाही.

वैशालीनं शुक्रवारपर्यंत वाट बघितली नाही, तेव्हाच कळवून टाकलं. संध्याकाळी मंदारराव तेलाची बाटली घेऊन त्या गंजलेल्या कुलपाशी पाऊण तास उकिडवे बसले होते. वैशाली खिडकीतून बघत होती. चहाला हाक मारली तिनं, पण जरा उशिरा.

मला मात्र चीडच आली होती. तिला वाईट वाटेल म्हणून तिच्यापुढे बोलले नाही, इथे लिहिते. एकटीला किल्ली देणं म्हणजे मेहेरबानी झाली, रस्ता झाला नाही. उद्या तो माणूस रुसला की किल्ली परत. चाळीस माणसं चहा पिऊन हात वर करतात आणि एक जण गुपचूप खिशातून किल्ली काढतो, मग सभा कशाला? पण चिडता चिडता हेही कळत होतं की त्यानं निदान एक तरी दिली. मी तीही दिली नव्हती.

जुलै-ऑगस्ट कसेही गेले. समुद्र बघितला, गार होता. शहरात नदीवरचे पूल बघितले. तिथे मात्र गल्लीतनं गल्ली निघते, जुनं शहर आहे ना. नव्यालाच सगळी अक्कल जास्त. ऑगस्टच्या शेवटी परत आले. येताना इरानं मिठी मारून "यू वेअर ग्रँड, आजी" म्हटलं. तिकडे चांगल्याला, बऱ्याला, ठीकठाकला, सगळ्याला ग्रँडच म्हणतात, त्यामुळे मी फार फुगले नाही.

घरी आल्यावर बायका विचारतात, कसं आहे तिकडे? जाणार असाल तर जा. स्वच्छ आहे, माणसं हसून बोलतात, भाजी महाग, मिरची आपली न्या. पण घर घेताना किंवा भाड्यानं बघताना आतली फरशी बघू नका, गल्ली कुठे संपते ते चालून बघा. हे बार्शीतल्या नव्या प्लॉटवाल्यांनाही सांगते. कोणी ऐकत नाही.

मी आठव्या दिवशी बोळाचं कुलूप काढलं. किल्ली कुठे ठेवली होती ते आठवेना, म्हणून वरवंट्यानं तोडलं. सुमन वर गच्चीत पापड वाळवत होती. तिनं बघितलं आणि पापड उलटे करत राहिली. तिसऱ्या दिवशी भिंतीवर पानाची पिंक. मी शिव्या देत बादली घेऊन धुतली. ब्रेंडन काही खोटं बोलला नव्हता. मोटारसायकलीही आल्या. मी मध्ये एक दगड रोवला, नोराकडे बघून शिकले तसा. माणूस जातो, गाडी अडते. मागच्या वस्तीतले सगळे जायला लागले. सुमन सोडून. ती आपली ओढ्याकडनंच, पिशवी घेऊन, फिरून.

दिवाळीच्या आधी वैशालीचा फोन आला. म्हणाली, आई, सकाळी मी कुलूप काढायला जाते ना, तर आता चार-पाच जण आधीच उभे असतात. एक नर्स, एक सायकलवाला, पलीकडच्या फ्लॅटमधला कुत्रंवाला म्हातारा. गेल्या आठवड्यात इराला ताप होता, मला उशीर झाला. बघते तर ब्रेंडन स्वतः दार धरून उभा, एकेकाला आत-बाहेर सोडतोय आणि प्रत्येकाला सांगतोय, आजच्या दिवस हं.

मी हसले. फोन ठेवून बाहेर ओट्यावर आले, तर समोरून सुमन येत होती, दोन्ही हातांत दिवाळीच्या सामानाच्या पिशव्या, ओढ्याच्या रस्त्याकडे वळलेली. वय झालंय तिचंही.

म्हटलं, "सुमन, बोळ उघडा आहे."

"माहितीये अक्का. दीड महिना झाला." ती थांबली, पिशव्या खाली ठेवल्या नाहीत. "पायांना अकरा वर्षांची सवय आहे, लगेच कशी मोडंल."

"मग लावू का परत कुलूप?"

तिनं बोळाकडे बघितलं. दगडाकडेही बघितलं तिनं.

"राहू दे," म्हणाली, आणि ओढ्याच्या रस्त्यानं निघून गेली.